‘सोपा म्हणून योद्धा’ हा सल्ला मागे घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवर पानभर लेख आला. फासे, नकाशे आणि गप्पा एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या या खेळाला वर्तमानपत्रात इतकी जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण लेखातल्या दोन गोष्टी तेव्हापासून सलत आहेत. जादूगाराचं पात्र इतरांच्या मानाने फार वरचढ होतं, तेव्हा खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने त्याचे मंत्र कापावेत, असा लेखाचा निष्कर्ष आहे. आणि शेवटच्या चौकटीत नवख्यांना सल्ला दिला आहे, की पहिल्यांदा खेळताना योद्धा घ्यावा, तो सोपा असतो. जादूगार अनुभवी माणसाकडे राहू द्यावा. माझ्या मते पहिल्या दुखण्याचं मूळ या दुसऱ्या सल्ल्यात आहे.

मी व्यवसायाने हिशेब तपासते. गेली 19 वर्षं दर शनिवारी संध्याकाळी माझ्या टेबलाभोवती चार-पाच खेळाडू जमतात आणि मी गेम मास्टर म्हणून त्यांच्यापुढे जग उभं करते. त्याआधी सहा वर्षं मी स्वतः योद्धा खेळले. तेव्हा या वादाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेली आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं, पात्राचा एक क्लास असतो: योद्धा, जादूगार, चोर, पुजारी वगैरे. अनुभवाचे गुण साठत गेले की पात्राची लेव्हल वाढते. गेम मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू ‘मी असं करतो’ म्हणतात, आणि जिथे यश-अपयशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. या खेळात जिंकणं-हरणं नसतं. माणूस शनिवारचे चार तास खर्चून येतो ते गोष्टीत आपलाही हात लागावा म्हणून. तो लागला नाही तर तो रिकाम्या हातानेच घरी जातो.

आता मुद्द्यावर येते. जादूगार विरुद्ध बाकीचे हा तंटा या खेळाइतकाच जुना आहे. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी आला. जुना हिशेब मला अजूनही आवडतो, कारण त्यात जमा आणि खर्च दोन्ही रकाने भरलेले होते. 1978 च्या पुस्तकात योद्ध्याला प्रत्येक लेव्हलला दहा बाजूंच्या फाशाने जीव, म्हणजे मार सोसायची ताकद, मिळायचा, जादूगाराला चार बाजूंच्या. पहिल्या लेव्हलचा जादूगार दिवसातून एकच मंत्र टाकू शकायचा. चिलखत घालायची सोय नाही. मंत्र म्हणताना कुणी फटका मारला, तर मंत्र वाया. दुसऱ्या लेव्हलला पोचायला योद्ध्याला 2000 हून थोडे जास्त गुण लागायचे, जादूगाराला 2500 हून जास्त. म्हणजे जादूगाराचं बालपण हलाखीचं आणि म्हातारपण राजेशाही. पुष्कळ जादूगार म्हातारपण बघायला उरायचेच नाहीत.

त्याच नियमांत एक गोष्ट होती, जिची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. नवव्या लेव्हलला योद्ध्याला स्वतःची गढी उभारता यायची आणि त्याच्या नावावर सैनिक येऊन मिळायचे. जादूगार आकाशातून आग पाडत असेल, पण योद्ध्याच्या एका हाकेला माणसं उभी राहायची. त्याला जगात वजन होतं. शिवाय मंत्र चुकवण्यासाठी जो फासा टाकावा लागतो, त्याचा आकडा तेव्हा मंत्र सोसणाऱ्याच्या लेव्हलवर ठरायचा, टाकणाऱ्याच्या बुद्धीवर नाही. अनुभवी योद्ध्यावर मंत्र टाकला तर तो बहुतेक वेळा झटकून टाकायचा.

2000 साली या खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि मी तिथूनच खेळायला लागले. नियम सुटसुटीत झाले, सगळ्या क्लासना लेव्हल वाढवायला सारखेच गुण लागू लागले, आणि हे सगळं न्याय्य वाटलं. पण त्या सफाईत जादूगाराच्या खर्चाच्या बाजूच्या नोंदी एकेक करून पुसल्या गेल्या. मंत्र म्हणताना फटका बसणं टाळता येऊ लागलं. पहिल्या लेव्हलपासून मंत्र गुंडाळीवर लिहून साठवता येऊ लागले, पुढे पन्नास-पन्नास वेळा चालणाऱ्या कांड्या करता येऊ लागल्या. मंत्र चुकवणं टाकणाऱ्याच्या बुद्धीप्रमाणे अवघड होत गेलं आणि मनावर चालणाऱ्या मंत्रांपुढे योद्धा सगळ्यांत दुबळ्यांपैकी एक ठरला. गढी आणि सैनिक ही योद्ध्याची खास मिळकत राहिली नाही. तेराव्या लेव्हलला मी तलवार घेऊन उभी असायची आणि लढाई माझी पाळी येण्याआधी संपलेली असायची. ते वर्ष मी विसरलेले नाही.

यावर उपाय पुष्कळांनी शोधले. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना एकाच मापाने शक्ती वाटून दिल्या: काही हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. तराजू खरोखर समतोल झाला. पण माझ्या टेबलावर जादूगार खेळणारा म्हणाला, की मी मंत्र टाकतोय असं वाटतच नाही, आणि मला त्याचं पटलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने वेगळा लगाम घातला. बरेच मोठे मंत्र एकाग्रता मागतात आणि एका वेळी एकावरच एकाग्र होता येतं. अदृश्य व्हायचं की उडायचं, यातलं एक निवडावं लागतं. मार बसला तर एकाग्रता टिकते का, हे फाशावर ठरतं. हा नियम मला फार चांगला वाटतो.

इतकं होऊनही तक्रार संपलेली नाही, आणि लेखकाची गफलत इथेच होते. लेखात सगळी चर्चा नुकसानाच्या आकड्यांची आहे. ते आकडे मीही मांडून पाहिलेत. पाचव्या लेव्हलचा जादूगार फायरबॉल टाकतो: सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. समोर पाच शत्रू घोळक्यात असतील आणि कुणी मंत्र चुकवला नाही तर प्रत्येकाला 28, म्हणजे दृष्ट लागण्यासारखं काम. पण त्या लेव्हलला असा मंत्र दिवसातून दोनदा, फार तर मधल्या विश्रांतीनंतर तिसऱ्यांदा टाकता येतो. त्याच लेव्हलचा योद्धा मोठी तलवार घेऊन दोन वार करतो, दोन्ही लागले तर सरासरी 22, आणि हे दिवसभर, न थकता. दिवसात सहा लढाया झाल्या तर वहीच्या शेवटी योद्ध्याची बेरीज मोठी निघते. लढाईचं गणित जुळतं. फक्त दिवस लांब हवा.

जुळत नाही ते लढाईबाहेर. हे मला एका शनिवारी कळलं, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

पात्रं आठव्या लेव्हलची होती. एका गढीच्या बुरुजात कैदी होता, त्याला सोडवायचं होतं. योद्धा खेळणारी मुलगी आमच्यात सगळ्यांत नवी. तिलाही कुणीतरी तोच सल्ला दिला होता, की योद्धा घे, सोपा असतो. त्या दिवशी तिने चौकटींचा कागद आणला होता. मी गढीचं वर्णन करत होते आणि ती काढत होती: तट, दोन पलिते, पहारा कुठे बदलतो, तटाच्या कोणत्या कोपऱ्यावर कुणाचीच नजर पडत नाही. मला मध्येच थांबवून विचारायची, ‘ताई, पहारेकरी डावीकडून फिरतो की उजवीकडून?’ चाळीस मिनिटं तिने तो कागद भरला. बारीक अक्षरात पहाऱ्याच्या वेळाही लिहिल्या.

मग जादूगार खेळणारा मुलगा म्हणाला, ‘माझ्याकडे डायमेन्शन डोअर दोनदा आहे.’ पाचशे फुटांच्या आत कुठेही क्षणात पोचवणारा मंत्र, सोबत एक माणूस नेता येतो. त्याचं घुबड बुरुजाची खिडकी पाहून आलंच होतं. एका मंत्रात तो आत, कैद्याच्या दोऱ्या कापल्या, दुसऱ्या मंत्रात दोघं बाहेर. खेळातल्या वेळेत पाच मिनिटंही गेली नाहीत. बाकीचे झाडीत उभे होते ते उभेच. त्याने काही वावगं केलं नव्हतं. डोकं चालवलं, दोन मोठे मंत्र खर्च केले, कैदी सोडवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. आणि मग ती खोडरबर घेऊन कागद पुसायला लागली. सावकाश, रेघ न् रेघ. निघताना तिने मला विचारलं, ‘ताई, पुढच्या वेळी मी काय आणू?’

त्या रात्री मी वही काढली. सवयच आहे. आदल्या काही शनिवारांच्या नोंदी होत्या, त्यावरून दोन रकाने केले. एकात लढाईत कुणी किती नुकसान केलं, त्यात ती पहिली होती. दुसऱ्यात लढाईबाहेरचे पेच कुणी सोडवले. असे अकरा पेच निघाले. नऊ जादूगाराने किंवा पुजारिणीने सोडवलेले, एक चोराने, एक मीच कंटाळून सोडून दिलेला. तिच्या नावापुढे काहीच नव्हतं. कारण तिच्या पात्राच्या कागदावर लढाईबाहेर काय करायचं, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. जादूगाराच्या कागदावर पंधरा-वीस उत्तरं नावानिशी छापलेली असतात: उडणं, दिसेनासं होणं, कुलूप उघडणं, मन वळवणं. योद्ध्याच्या कागदावर वार असतात. ‘सोपा’ हा शब्द आपण त्या कोऱ्या जागेसाठी वापरतो, आणि मग सगळ्यांत नव्या, सगळ्यांत बुजऱ्या माणसाला तिथे बसवतो.

पुढचे दोन महिने मी नेमकं तेच केलं, जे आपला लेख सुचवतो. डायमेन्शन डोअर बंद केला. महत्त्वाच्या प्रत्येक भिंतीआड जादू चालणार नाही अशी जागा ठेवली. जादूगाराचा चेहरा पडला. एकदा त्याने बाजूला घेऊन विचारलं, ‘ताई, माझं काही चुकलं का?’ काय सांगणार? आणि वही पुन्हा तपासली तर तिच्या नावापुढची जागा तशीच कोरी होती. त्याचं काढून घेतल्याने तिला काहीच मिळालं नव्हतं. पेच तेवढे जास्त उरले होते, आणि ते फोडायला टेबलावर कुणीच नव्हतं.

मी मंत्र परत दिले आणि त्याची माफी मागितली.

त्यानंतर जे जमलं ते दोन दिशांनी जमलं. पहिली, वेळ. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि मध्ये दोन छोट्या विश्रांती असा अंदाज धरलेला आहे. बहुतेक टेबलांवर दिवसाला एक लढाई होते आणि मग सगळे आठ तास झोपून ताजेतवाने होतात. मीही तेच चालवून घेत होते. जादूगाराचे मंत्र हा त्याचा दिवसाचा पगार आहे. रोज संध्याकाळी तिजोरी पुन्हा भरणार असेल तर तो काटकसर कशाला करील? त्याच पुस्तकात एक पर्याय दिलेला आहे, ज्यात छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची होते. तो मी प्रवासाच्या गोष्टींना लावला. इतर वेळी मुदत घालू लागले: निरोप परवा सूर्योदयाआधी पोचला पाहिजे. मंत्र एकही कापला नाही. पण जादूगार आता मंत्र टाकण्याआधी ‘हे तुझ्याने होईल का?’ असं शेजारच्याला विचारतो. टेबलावर हा प्रश्न मी आधी कधी ऐकला नव्हता.

मंत्रांची किंमत नियमात लिहिलेली असते, ती गेम मास्टरने वाचली पाहिजे, हेही इथेच सांगते. कुलूप उघडणारा नॉक मंत्र घ्या. चोर खेळणारे त्याच्या नावाने बोटं मोडतात. पण पाचव्या आवृत्तीत तो टाकला की मोठा ठकठकाट होतो आणि तो तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. मी कित्येक वर्षं हे वाक्य नजरेआड केलं. ते पाळायला लागल्यावर आमच्या चोराची हत्यारं पुन्हा बाहेर आली, कारण त्याचं काम निःशब्द असतं.

दुसरी दिशा योद्ध्याची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या कागदावरची कोरी जागा भरायची होती. इतर खेळांतून मी सरळ उसनवारी केली. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या 2012 च्या खेळात योद्धा वार करताना एक जादा फासा टाकतो. वार लागला आणि त्या फाशावर तीन किंवा जास्त आले, तर त्याने आधी बोलून दाखवलेली करामतही साधते: शत्रूला कठड्यावरून ढकलणं, हातातली मशाल उडवणं, दार रोखून धरणं. करामतींची यादी नाही, खेळाडूने सुचवायची. त्याच खेळात जादूगाराला मंत्रासाठी फासा टाकावा लागतो आणि तो फसला तर शरीरावर विद्रूप खुणा उमटू शकतात. ‘पाथफाइंडर’च्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत कसबांच्या खुब्या वेगळ्या खात्यातून मिळतात, म्हणजे योद्ध्याला चढणं, दरडावणं, जखम बांधणं शिकायला तलवारीची एकही खुबी सोडावी लागत नाही. आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2024 च्या पुस्तकात योद्धा दुसऱ्या लेव्हलपासून, एखादं कसब फसलं तर आपला राखून ठेवलेला दम खर्चून दहा बाजूंचा फासा त्यात मिळवू शकतो. लढाईबाहेर उपयोगी पडणारं काहीतरी योद्ध्याच्या नावाने छापलेलं पाहून मला भरून आलं होतं.

समतोलाचा आग्रह सोडून देणाराही एक खेळ आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. 1987 चा ‘आर्स मॅजिका’. त्यात जादूगार सरळसरळ सगळ्यांच्या वरचा आहे आणि खेळ ते लपवत नाही. मात्र प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार असतो, एक साथीदार असतो, आणि शिपाईगडी सगळ्यांत मिळून असतात. आज मी जादूगार, तर पुढच्या गोष्टीत तुम्ही. पात्रं विषम, पण माणसं समान. तो खेळ करणाऱ्या दोघांपैकी जोनाथन ट्वीट पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मुख्य रचनाकारांपैकी एक होते. जादूगाराचं पारडं जड ठेवायचं तर पाळी फिरती हवी, ही युक्ती मात्र तिसऱ्या आवृत्तीत आली नाही. मला त्याची हळहळ वाटते.

माझ्या टेबलावर सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो मात्र जुन्या गढीच्या नियमाचा. मी तिला विचारलं, की तुझ्या योद्ध्याला कोण ओळखतं? कुठल्या पलटणीत होती? कुणाचा जीव वाचवला, कुणाला मागे टाकून आली? ती पुढच्या शनिवारी दोन पानं लिहून घेऊन आली. त्यातली नावं मी जगात पेरली.

मग पुलाचा प्रसंग आला. तोच निरोप, दुसरी रात्र, झोप नाही, तीन लढाया झालेल्या. जादूगाराकडे पहिल्या पायरीचे दोन मंत्र उरलेले. पुलावर चाळीस सैनिक. सगळे माझ्याकडे बघत होते. तिने तोच चौकटींचा कागद उलटा करून पूल काढायला घेतला. काढता काढता थांबली आणि म्हणाली, ‘ताई, यांची ढाल धरायची पद्धत कशी आहे?’ मी सांगितली. ती उठून उभी राहिली, खरोखरची, खुर्ची मागे सारून, आणि आपल्या जुन्या पलटणीची परवलीची हाक दिली. ती हाक तिनेच त्या दोन पानांत लिहिली होती. मी फासा मागितला नाही. पुलावरच्या पहिल्या रांगेने ढाली खाली घेतल्या.

जादूगार खेळणारा मुलगा सगळ्यांत मोठ्याने ओरडला. त्याने आपले उरलेले दोन मंत्र त्या रात्री वापरलेच नाहीत.

संपादक महोदय, आपल्या लेखामुळे काही नवे लोक हा खेळ खेळायला बसतील, आणि त्यांतला जो सगळ्यांत कमी बोलतो त्याच्या हातात चौकटीतला सल्ला वाचून योद्धा दिला जाईल. माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून छापावी. योद्धा घ्या असं हवं तर जरूर लिहा. पण त्याखाली गेम मास्टरसाठी एक ओळ वाढवा: या पात्राला जगात कोण ओळखतं, हे पहिल्याच दिवशी खेळाडूला विचारा आणि लिहून ठेवा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक आणि 19 वर्षांची गेम मास्टर